मुलगी बघायला

सुप्याच्या एस. टी. स्टँडवर सकाळी साडेसहाच्या गाडीत आम्ही अकराजण चढलो, तेव्हा कंडक्टरनं एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली. नऊवारीतली एक म्हातारी, पाच-सहा बायका, दोघे टोपीवाले, माझ्यासारखा एक पेन्शनर, डब्यांच्या दोन पिशव्या आणि पाण्याचा थर्मास. असा सरंजाम घेऊन माणसं इतक्या सकाळी एकाच कामाला निघतात.

“काय मंडळी, मुलगी बघायला निघालात वाटतं?”

“व्हय बाबा,” जिजी म्हणाली, “मुलगीच बघाया. पर आमचीच.”

कंडक्टरला त्याचा अर्थ लागला नाही आणि आम्ही तो सांगत बसलो नाही. आम्ही निघालो होतो शिरूरच्या पुढच्या एका कॉलेजात, मुलींच्या आंतरमहाविद्यालयीन बास्केटबॉलचा सामना बघायला. संघ कॉलेजच्या गाडीनं आदल्या दिवशीच गेला होता. त्यात आमच्या वाड्यातली एक मुलगी होती, माझ्या चुलत पुतण्याची थोरली. बाकीच्या अकरा मुली आसपासच्या वाड्यावस्त्यांवरच्या. त्यांचा सामना परगावी असला की सुप्यातून अशी एक टोळी निघते, हे आता स्टँडवरच्या चहावाल्याला ठाऊक झालं आहे. पण टोळी व्हायला दोन वर्षं लागली.

बारामती म्हटलं की वाचकांच्या डोळ्यांसमोर ऊस उभा राहतो. सुपे त्याच तालुक्यातलं, पण आमच्या बाजूला ऊस नाही. नीरेचा डावा कालवा तिकडं लांब राहिला. आमचा भाग जिरायत. ज्वारी, बाजरी, कांदा आणि घरटी दोन-तीन गाई, त्यांच्या दुधावर चालणारा प्रपंच. इतिहासाच्या पुस्तकात गावाचं नाव येतं ते शिवरायांनी संभाजी मोहित्यांकडून सुपं घेतलं तेव्हा, आणि मग १२ मे १८७५ ला, ज्या दिवशी इथल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या आणि खतं बाहेर काढून जाळली. बँकेत अडतीस वर्षं कर्जाची कागदपत्रं सांभाळलेल्या माणसाला ती तारीख वाचताना जरा अवघडल्यासारखं होतं, हे कबूल करतो. ते असो. सांगायचं एवढंच की आमच्या गावाला क्लब, स्टेडियम, समर्थक वगैरे शब्द तसे परके. जत्रेत कुस्त्यांचा फड होतो, कबड्डीला माणसं रात्र-रात्र बसतात. बास्केटबॉल मात्र दूरदर्शनवरसुद्धा कुणी धड पाहिलेला नाही.

२०२३ च्या पावसाळ्यानंतर पुतण्या घरी आला. पोरगी पहिल्या वर्षाला होती, उंचीमुळे तिला संघात घेतलं होतं. ओसरीवर बसून त्यानं बराच वेळ कांद्याच्या भावाची चर्चा केली आणि मग म्हणाला, “अण्णा, पोरीला खेळायला बाहेरगावी न्यायचं म्हणतात. बरोबर बाई आहेत कॉलेजच्या, पण घरचं कुणी मोठं माणूस पाहिजे. माझ्या मागं धारा आहेत. तुम्ही जाता का?”

मी हो म्हणालो. माझ्या चटकन हो म्हणण्याचं त्याला आश्चर्य वाटलं असावं. त्याचं कारण त्याला माहीत नव्हतं. ते सांगायचं तर मला १९८१ सालात जावं लागेल.

माझी धाकटी बहीण त्या वेळी तालुक्याच्या कॉलेजात शिकत होती आणि बास्केटबॉल खेळत होती. तेव्हा दुरून टाकलेल्या चेंडूला तीन गुण मिळत नसत, तो नियम आंतरराष्ट्रीय खेळात १९८४ साली आला. मुली खेळत तो चेंडूही पुरुषांच्याच मापाचा. त्यांच्यासाठी जरासा लहान चेंडू आला २००४ नंतर. हे सगळं मी आता वाचून सांगतो आहे. तेव्हा मला यातलं काहीएक माहीत नव्हतं. दादांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, तिला खेळायची परवानगी दिली ती एका अटीवर: परगावी जायचं तर भाऊ सोबत पाहिजे. मी नुकताच पदवीधर होऊन नोकरीच्या परीक्षा देत घरी बसलेला. त्यामुळे सोबत मीच.

‘सोबत’ हा आपल्याकडचा मोठा जबाबदारीचा शब्द आहे. त्यात जाणं आहे, थांबणं आहे, परत आणणं आहे. पाहणं मात्र नाही. मी तिला मैदानाच्या फाटकापर्यंत सोडायचो आणि स्टँडवर नाही तर एखाद्या हॉटेलात पेपर वाचत बसायचो. मुली तेव्हा अर्ध्या चड्डीत खेळत. बहीण तशी पळताना चारचौघांत उभं राहून पाहणं मला लाजिरवाणं वाटायचं, आणि खरं सांगायचं तर तिला पाहणारी माणसं बघणं त्याहून. अशा सहा-सात तरी खेपा झाल्या. घरी आल्यावर दादा विचारायचे, “कशी खेळली?” मी म्हणायचो, “चांगली.” गुणांचा आकडा येताना गाडीत तिच्याकडूनच विचारून घेतलेला असे. पुढं बँकेत कागदावर ‘माझ्यासमक्ष सही केली’ असं लिहून देणारे पुष्कळ साक्षीदार पाहिले. त्यातल्या अर्ध्यांनी सही करणाऱ्याचं तोंडही पाहिलेलं नसतं. अशा साक्षीदारावर मी कधी रागावू शकलो नाही.

पुढच्या वर्षी तिची विद्यापीठाच्या संघात निवड झाली. आंतरविद्यापीठ सामने परराज्यात होते, आठ दिवसांचा दौरा. दादा म्हणाले, भाऊ जाणार असेल तर जा. मी तोवर बँकेत लागलो होतो. मी सांगितलं, रजा मिळत नाही.

मी रजा मागितलीच नव्हती. नवी नोकरी, नवे मित्र, आणि आठ दिवस परक्या गावात फाटकाबाहेर बसून राहायचं, याचा मला कंटाळा आला होता. खात्यावर रजा शिल्लक होती. ती गेली नाही. त्यानंतर वर्षभरात तिचं लग्न झालं, आणि लग्नाआधी तिला ‘बघायला’ चार घरची माणसं येऊन गेली. त्यातल्या एका घरची तर चौदा होती.

या शब्दाशी मी अलीकडं बराच अडखळतो. आपल्या भाषेत मुलगी बघायला जाणं याला एकच अर्थ आहे. माणसं जमवून, चांगले कपडे करून, गाडी ठरवून, दुसऱ्या गावाला मुलीला बघायला जाण्याची रीत आपल्याकडं पिढ्यान्‌पिढ्या आहे. तिला चालायला सांगतात, वाचायला सांगतात, पूर्वी तर सुईत दोरा ओवायला सांगत. पळायला सांगितलेलं कधी ऐकलं नाही.

आमच्या शिरूरच्या वाटेवर चौफुला लागतो. तिथली कला केंद्रं सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहेत. तिथल्या कलावंत बायकांचा रियाज मी कमी लेखत नाही. त्यांच्यावर मी एक कथाही लिहिली आहे. पण तिथं रात्री गाड्या भरभरून पुरुष येतात, याचं कुणाला नवल वाटत नाही. नवल वाटतं ते सकाळी त्याच फाट्यावर गाडी बदलणाऱ्या आमच्या अकराजणांचं.

तर, २०२३ साली मी पुन्हा सोबत म्हणून निघालो, पण या वेळी फाटकाच्या आत गेलो. पहिल्या सामन्याला आमच्या बाजूनं बघणारा मी एकटाच होतो. यजमान कॉलेजची पोरं भिंतीवर बसली होती. ती आमच्या मुलींना काय काय म्हणत होती ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि फारसं नवंही नाही. आमची पोर चेंडू हातात आला की लगेच टाकून द्यायची, जणू पोळतो आहे. मोठ्या फरकानं हरलो. परतताना ती म्हणाली, “आबा, तुम्ही होता म्हणून बरं वाटलं. पण तुम्ही नुसते बसता. काहीतरी ओरडा की.”

काय ओरडायचं हे मला माहीत नव्हतं. म्हणून दुसऱ्या खेपेला तिच्या पणजीला, म्हणजे जिजीला, घेऊन गेलो. जिजीला ओरडायला शिकवावं लागत नाही.

इथं जरा हिशेबाचं बोलतो, कारण माझ्या मते टोळी वाढली ती हिशेबामुळे. ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसांना एस. टी. फुकट झाली आणि १७ मार्च २०२३ पासून सगळ्या बायकांना निम्मं तिकीट. जिजी अठ्ठ्याहत्तर वर्षांची. तिचं तिकीट शून्य. तिच्या दोन्ही सुना, शेजारची माळीणबाई, दुसऱ्या एका मुलीची आई आणि मावशी यांना निम्मं. पासष्टी ओलांडल्यावर मलाही निम्मं. बायकांच्या सवलतीवर बरीच टवाळी झाली, बायका उगाच हिंडायला लागल्या असंही लोक म्हणाले. उगाच हिंडणं ही चैन आजवर कुणाच्या वाट्याला होती, हे म्हणणाऱ्यांनी पाहावं. मोरगावच्या गणपतीला किंवा माहेरी जाण्यापलीकडं ज्यांनी कारणाशिवाय एस. टी. पाहिली नाही, त्या बायका आता शिरूर, जुन्नर, इंदापूर बघून आल्या आहेत, आणि तिथल्या कॉलेजांत स्वच्छतागृह कुठं आहे हे त्यांना पाठ आहे.

जिजी पहिल्या सामन्याला बसली तेव्हा तिचा पहिला आक्षेप टोपलीवर होता. “अरे, हिला बूडच न्हाय. मग टाकायचं कशाला?” मी हसलो. पण नंतर वाचलं तर म्हातारी फार चुकली नव्हती. अमेरिकेत स्प्रिंगफील्ड गावी जेम्स नाइस्मिथ नावाच्या शिक्षकानं डिसेंबर १८९१ मध्ये हा खेळ काढला, तेव्हा खरोखरच पीच फळांच्या टोपल्या टांगल्या होत्या, बुडासकट. प्रत्येक वेळी शिडी लावून चेंडू काढावा लागे. पुढच्याच वर्षी स्मिथ नावाच्या मुलींच्या कॉलेजातल्या शिक्षिका सेंडा बेरेनसन यांनी तो आपल्या विद्यार्थिनींना शिकवला आणि मार्च १८९३ मध्ये तिथं मुलींचा पहिला सामना झाला. त्याला पुरुषांना प्रवेश नव्हता. मुली ब्लूमर घालून पळणार, ते पुरुषांनी पाहणं बरं नव्हे. म्हणजे १८९३ मध्ये तिथले पुरुष दाराबाहेर होते आणि १९८१ मध्ये मी फाटकाबाहेर. फरक असा की त्यांना कुणीतरी अडवलं होतं.

अमेरिकेचा विषय निघाला तो बहिणीमुळे. तिची मुलगी, माझी भाची, आयोवा राज्यात डे मॉइन या शहरात नोकरीला आहे. बहीण २०२४ च्या जानेवारीत तिच्याकडं गेली. त्या हिवाळ्यात तिथल्या विद्यापीठाच्या मुलींच्या बास्केटबॉलनं देशाला वेड लावलं होतं. केटलिन क्लार्क ही खेळाडू त्याच भागातली, वेस्ट डे मॉइनची. संघ जिथं जाई तिथं परक्या मैदानावरही तिकिटं संपत; पिवळे-काळे शर्ट घातलेली माणसं बर्फातून गाड्या हाकत परगावच्या सामन्यांना जात. ७ एप्रिल २०२४ च्या अंतिम सामन्यात हा संघ साउथ कॅरोलिनाकडून ८७-७५ असा हरला, पण तो सामना टीव्हीवर सुमारे १ कोटी ८९ लाख लोकांनी पाहिला. त्याच स्पर्धेतला पुरुषांचा अंतिम सामना पाहणारे होते १ कोटी ४८ लाखांच्या आसपास. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

बहीण मे महिन्यात परत आली ती हेच सांगत. तिला त्या खेळाडूपेक्षा बघणारी माणसं जास्त लक्षात राहिली होती. म्हातारी शेतकरी जोडपी. मक्याची आणि सोयाबीनची शेती करणारी, डुकरं पाळणारी. “दादा, आपल्या सुप्यासारखीच माणसं रे. नुसती गोरी.” तिच्या बोलण्यावरून मी शोधत गेलो आणि जे सापडलं त्यानं मला खिळवून ठेवलं. आयोवात शाळकरी मुलींची राज्य स्पर्धा १९२० पासून आहे. १९२५ मध्ये मोठ्या शहरांतल्या शाळांनी ठरवलं की मुलींनी असं लोकांपुढं खेळणं योग्य नाही, बंद करू. तेव्हा लहान गावांतल्या मुख्याध्यापकांनी वेगळी चूल मांडली आणि मुलींच्या खेळासाठी स्वतःची संघटना काढली. शहरं मागं हटली आणि खेडी पुढं आली, हे आपल्या समजुतीच्या अगदी उलट. तिथला खेळही निराळा होता: एका संघात सहा मुली, तीन चढाईला, तीन बचावाला, मधली रेघ कुणी ओलांडायची नाही, चेंडू दोनदाच आपटायचा. १९९३ पर्यंत हा प्रकार चालला. मार्चमध्ये राज्य स्पर्धेला गावंच्या गावं डे मॉइनला लोटायची. १९६८ चा अंतिम सामना युनियन-व्हिटन आणि एव्हर्ली या दोन छोट्या ठिकाणांमध्ये झाला. जादा वेळेत ११३-१०७ असा निकाल लागला. हरलेल्या संघातल्या जेनेट ओल्सननं एकटीनं ७६ गुण केले होते, जिंकणाऱ्या संघातल्या डेनिस लाँगनं ६४.

२०२४ साली बर्फातून गाडी हाकणारी ती म्हातारी जोडपी कुठून आली, याचं उत्तर मला त्यात मिळालं. ती सवय एका खेळाडूनं लावलेली नव्हती. त्यांच्या आज्या खेळल्या होत्या आणि आजोबांनी बसून पाहिलं होतं.

आमच्याकडं एवढं जुनं काही नाही. पुण्याची शिरीन लिमये भारताच्या संघाची कर्णधार झाली, तिचं छायाचित्र आमच्या मुलींच्या मोबाइलवर असतं. पण सुप्यापासून ते फार लांबचं वाटतं. पुतण्याला जवळचं वाटलं ते खो-खोचं. १९ जानेवारी २०२५ ला दिल्लीत पहिल्या खो-खो विश्वचषकात आपल्या मुलींनी नेपाळला ७८-४० असं हरवलं, कर्णधार महाराष्ट्राची प्रियांका इंगळे. ते त्यानं डेअरीच्या टीव्हीवर उभ्यानं पाहिलं. नंतरच्या सामन्याला तो स्वतः निघाला. धारा भावाला सांगितल्या. गाडीत पूर्ण तिकीट काढणाऱ्या दोन-तीन माणसांतला तो एक, ही तक्रार तो अजून करतो.

आता दिवाळीनंतरच्या, २०२५ च्या शिरूरच्या सामन्याबद्दल. बहीण सणाला आली होती, ती राहिली आणि आमच्याबरोबर निघाली. पहाटेच्या अंधारात अभयारण्याच्या कडेनं दोन चिंकारा रस्ता ओलांडून गेले, ते तिनं पाहिले आणि मी पाहिले नाहीत. मैदानावर भिंतीवर पोरं होतीच. त्यांनी सुरुवात केल्यावर जिजी उठली, काठी टेकत तिकडं गेली आणि त्यांच्यातच जाऊन बसली. शेजारच्या पोराला म्हणाली, “बाळा, तुझी भन कितवीला हाय?” पोरगं म्हणालं, अकरावीला. “खेळती का?” एवढंच. पुढं त्या बाजूनं फारसा आवाज आला नाही. मध्यंतरात ती पोरं तिच्याकडच्या शेंगदाण्याच्या लाडवांवर आली होती.

आमची पोर आता चेंडू टाकून देत नाही. हातात आला की थांबते, मान वर करते, कोण मोकळं आहे ते बघते. मला आता एवढं कळतं. दुसऱ्या सत्रात तिनं उजवीकडून धावत जाऊन हात लांबवून चेंडू टोपलीच्या कडेवर ठेवला, फेकला नाही, ठेवला. तेव्हा माझ्या शेजारी बहीण एकदम उभी राहिली. तिचा उजवा हात हवेत तसाच वर गेला होता, मनगट वाकवून. चव्वेचाळीस वर्षांनी. साठी उलटलेली बाई, खांद्यावर शाल, गुडघ्याला पट्टा. ती तशी किती वेळ उभी होती ते तिलाही कळलं नसावं. मी सामना सोडून तिच्याकडं बघत राहिलो आणि शेवटचे काही गुण कसे झाले ते पाहायचं राहून गेलं. चार गुणांनी हरलो.

पुतण्याची पोर तिसऱ्या वर्षाला आहे. घरात पाहुणे येऊन जायला लागले आहेत. पुतण्या म्हणतो, परीक्षा झाल्यावर बघू. त्याची बायको म्हणते, आधी विद्यापीठाच्या निवडीचं काय ते होऊ दे. हे दोघं एकमेकांशी भांडतात ते माझ्या ओसरीवर येऊन, कारण घरात जिजी ऐकते, आणि जिजी कुणाच्या बाजूची आहे हे सगळ्यांना ठाऊक आहे. निवड झाली तर सामने परराज्यात असतील. सोबत कोण, हा प्रश्न या वेळी कुणी काढलेला नाही. किती जणांनी जायचं आणि रेल्वेची तिकिटं कधी काढायची, एवढाच वाद आहे.

परतीच्या गाडीत न्हावऱ्यापाशी मी बहिणीला रजेचं सांगितलं. मागं बायकांची गाणी चालली होती, त्यामुळे बरं पडलं. मिळत नव्हती असं नाही, मी मागितलीच नव्हती, एवढं एका दमात सांगून टाकलं.

“ठाऊक आहे,” ती म्हणाली. “तुमच्या मॅनेजरची बायको माझ्या शिवणक्लासात यायची. त्याच आठवड्यात कळलं होतं.”

पुढं मी काहीतरी बोलायला लागलो, तर तिनं खिडकीची काच वर केली आणि बाहेर बघत बसली. चौफुल्याला उतरून गाडी बदलली. सगळ्यांनी भजी घेतली, तिनं घेतली नाहीत. सुप्याचे दिवे दिसायला लागले तेव्हा कुठं ती वळली. म्हणाली, “पुढच्या वेळी जिजीला दाराजवळची सीट धर. मागं बसून तिचे पाय आखडतात.”